निद्रानाश : एकट्याचा की सर्वांचा?

(करंजा, तालुका उरण येथे मच्छीमार बंधू-भगिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. करंज्याला येऊन बोलायचे तर बंदरावर बोलावे, डिझेलच्या परताव्यावर बोलावे, जमिनींच्या मोबदल्यावर बोलावे. झोपेवर काय बोलायचे? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु मागे एकदा रेवसहून इकडे येताना तरीच्या लाँचमध्ये शेजारी बसलेल्या एका मासळीविक्रेत्या बाईंशी बोलणे निघाले. घरची बोट चार दिवस समुद्रात होती, आणि बाई चार रात्री झोपल्या नव्हत्या. मी विचारले, दिवसा भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "गुरुजी, दिवसा भ्यायला सवड कुठं असते?" त्या एका वाक्याने मला बराच काळ विचार करायला लावले. आजचे हे भाषण म्हणजे त्या बाईंना तेव्हा न देता आलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रारंभीच एक कबुली देतो. आम्हा समाजवाद्यांनी माणसाच्या पोटाचा विचार केला, त्याच्या हाताच्या कामाचा केला, परंतु त्याच्या रात्रीचा फारसा केला नाही. मनाचा त्रास म्हणजे सुखवस्तूंचे चोचले, अशी आमच्यापैकी अनेकांची अप्रकट समजूत होती. वास्तविक पाहता आपल्या कामगार चळवळीचा आरंभच विश्रांतीच्या मागणीपासून झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या त्या माणसांच्या मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी ही प्रमुख होती. ती मान्य व्हायला १० जून १८९० उजाडावा लागला. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलिसांनी मध्यरात्री केलेल्या कारवाईच्या प्रकरणात, निद्रा ही घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानली. तेव्हा झोप हा आपल्या सभेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणू नये.

आता हे रात्रीचे भय म्हणजे नेमके काय, ते पाहू. भीती ही मुळात शत्रू नाही. नांगरावर असलेल्या बोटीत तांडेल झोपतो, पण वाऱ्याने दिशा बदलली, बोटीचा झोका वेगळा लागला, की तो क्षणात उठून बसतो. ही त्याची सावधगिरी सर्व खलाशांचा जीव वाचवते. धोका जाणवताच छाती धडधडणे, श्वास जलद होणे, स्नायू ताठणे ही शरीराची पहाऱ्याची व्यवस्था आहे. अडचण एवढीच, की हा पहारेकरी धोका खरा की कल्पित हे तपासत बसत नाही, आणि घरी आल्यावरही पहारा सोडत नाही.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. २२ सप्टेंबर २०१६ रोजी उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी संशयित माणसे पाहिल्याचे सांगितले. उरीचा हल्ला होऊन चारच दिवस झाले होते, आणि नौदलाचा शस्त्रसाठा तर आपल्या उशाशीच. मुंबईपर्यंत सावधानतेचा इशारा गेला, नौदल आणि पोलीस यांनी परिसर पिंजून काढला. कोणीही सापडले नाही. मुलांनी सांगितले यात त्यांचे काही चुकले असे मी मानत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गेच, मच्छीमारी बोट बळकावून आले होते. परंतु शोध थांबला म्हणून त्या रात्री करंजा-मोऱ्यातील घराघरांतली धडधड लगेच थांबली असेल काय? शासकीय पत्रकाने शरीर शांत होत नसते.

दुसरी गोष्ट, रात्री तीन वाजता जाग येणे हा काही स्वतःहून रोग नव्हे. निरोगी माणूसही रात्रीतून अनेकदा क्षणभर जागा होतो आणि ते त्याला सकाळी आठवतही नाही. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पूर्वार्धात होऊन जाते. उत्तरार्धातील झोप हलकी आणि स्वप्नांनी भरलेली. त्या वेळी जाग आली आणि मनात देणेकऱ्याचा चेहरा उभा राहिला, तर पहारेकरी उठलाच म्हणून समजा. दिवसा ज्या प्रश्नाचे आपण चार मार्ग काढतो, त्याच प्रश्नाला पहाटे एकही मार्ग दिसत नाही, कारण बुद्धी थकलेली असते आणि विचारायला शेजारी कोणी जागे नसते. त्यात मग "आज झोप आली नाही तर उद्याचे काम कसे होणार" ही नवी चिंता जुनीवर स्वार होते. पुष्कळांच्या बाबतीत मूळ चिंता मिटून जाते, पण ही झोपेची चिंता मात्र वर्षानुवर्षे मुक्कामाला राहते.

यावर उपाय काय? मी डॉक्टर नाही, परंतु या विषयातील जाणत्यांचे म्हणणे आज बऱ्यापैकी स्थिर झाले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये एक साधी पद्धत मांडली. अंथरूण झोपेसाठीच ठेवावे. झोप येईल असे वाटेल तेव्हाच आडवे व्हावे. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर कूस बदलत न बसता उठून दुसरीकडे बसावे, आणि पेंग आली की परत यावे. कारण जागून तळमळण्याची सवय अंथरुणालाही लागते. या आणि अशा वर्तनोपचारांना आता इतका आधार मिळाला आहे, की २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तेथील वैद्यांच्या संस्थेने दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हेच उपचार करावेत अशी शिफारस केली.

अर्थात ही पथ्ये ज्यांनी लिहिली त्यांच्या घरात झोपायची वेगळी खोली असते. एका खोलीत सहा माणसे झोपत असतील तेथे "उठून दुसऱ्या खोलीत जा" हा सल्ला थट्टेसारखा वाटतो. परंतु ओटी तर आहे! ओटीवर भिंतीला टेकून बसावे, दिवा मंद असावा, मोबाईल हातात घेऊ नये, घड्याळ पाहू नये. श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते, हे कोणीही स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून अनुभवू शकेल. तसेच "रोज ठराविक वेळी उठा" हा नियम नोकरदाराला ठीक. भरती-ओहोटी आणि उधाण-भांग पाहून निघणाऱ्या खलाशाने, किंवा पहाटेच लिलाव गाठणाऱ्या बाईने तो कसा पाळावा? त्यांनी झोप दोन भागांत वाटून घेण्यात काही गैर नाही. मात्र घरच्यांनी त्या दुपारच्या झोपेचा मान राखला पाहिजे. पुरुष समुद्रावरून येऊन दुपारी झोपला तर पोरांना गप्प केले जाते; बाई दुपारी आडवी झाली तर मात्र ती आळशी ठरते. हे आपल्या घरोघरचे चित्र आहे, आणि ते मला समुद्रावरच्या वादळाइतकेच गंभीर वाटते.

दारूविषयी थोडे स्पष्ट बोलतो. झोपेसाठी म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. दारूने डोळा लवकर लागतो हे खोटे नाही. परंतु तिचा अंमल उतरू लागला की रात्रीच्या उत्तरार्धातील झोप मोडते, आणि जी पहाट आधीच भयाची होती ती अधिक भयाची होते. मग दुसऱ्या रात्री मात्रा वाढते. झोपेच्या गोळ्यांचेही काहीसे तसेच. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर त्यांचा उपयोग आहे. परंतु शेजारणीच्या डबीतून घेऊन महिनोन् महिने खाल्ल्या तर त्यांची सवय जडते. ज्यांना ती आधीच जडली आहे त्यांनी आज हे ऐकून उद्या एकदम बंद करू नयेत. तेही धोक्याचे असते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्यात.

आणखी एक उपाय सांगतो, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. चिंतेला दिवसाउजेडी वेळ द्यावा. दिवेलागणीच्या आधी पंधरा-वीस मिनिटे बसून, मनाला टोचणारे जे जे असेल ते वहीत उतरवावे. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगून लिहवून घ्यावे. रात्री तीच चिंता आली तर तिला म्हणावे, तुझी नोंद झाली आहे, उद्या ये. ऐकायला पोरकट वाटते, परंतु मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत तपासून पाहिलेली आहे.

आता खरा मुद्दा येथून सुरू होतो. अशा दहा घरांतल्या दहा वह्या आपण शेजारी शेजारी ठेवल्या, तर काय दिसेल? माझी खात्री आहे की निम्म्याहून अधिक ओळी सारख्याच असतील. बोट कुठे आहे, कळत नाही. बर्फ-डिझेलचे पैसे व्यापाऱ्याकडून उचलले, आता मासळी तो म्हणेल त्या भावाने द्यावी लागेल. परतावा अडकला आहे. माणूस गेला तर मागे काय? दहा माणसे तीच चिंता दहा काळोखांत, दहा वेगवेगळी पापे असल्याप्रमाणे वाहत आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला "मन खंबीर ठेवा" असे सांगणे हा उपचार नव्हे.

बोट कुठे आहे, हाच प्रश्न घ्या. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान आणि ३ जून २०२० चे निसर्ग ही दोन्ही वादळे याच किनाऱ्यावर आदळली. त्यामुळे नाखव्याच्या घरातील बाईची भीती कल्पित आहे, असे कोणता मानसोपचारतज्ज्ञ म्हणेल? ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेचा आरंभ झाला. मच्छीमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली एक लाख संदेशयंत्रे, म्हणजे ट्रान्सपाँडर बसवावयाची, आणि जेथे मोबाईल पोचत नाही तेथूनही दोन्हीकडून निरोप जाऊ शकेल अशी व्यवस्था करावयाची. सरकारी योजनांविषयी मी सहसा संशयानेच बोलतो, पण ही गोष्ट चांगली आहे. आपल्या सोसायटीतील किती बोटींवर ते यंत्र बसले, बसलेले चालते का, आणि मुख्य म्हणजे आलेला निरोप घरातल्या बाईपर्यंत पोचतो का, याचा हिशेब घेतला पाहिजे. निरोप बोटमालकाच्या मोबाईलवर येऊन तेथेच राहिला, तर खलाशाच्या घरात दिवा जळतच राहणार. हे यंत्र सुरक्षेचे आहे तसे झोपेचेही आहे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

विम्याचेही तसेच. मत्स्यसंपदा योजनेखाली अपघाती मृत्यू झाल्यास पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या खलाशांची नावे त्यात घातली आहेत काय? कर्जाविषयी बोलायचे तर एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाचे व्याजाच्या दरात काय रूपांतर झाले, हे बँकेच्या खिडकीवर जाऊन विचारणे हे चळवळीचे काम आहे. व्यापाऱ्याच्या उचलीतून मोकळा झालेला माणूस किती लवकर झोपू लागतो, ते मग पाहा.

परंतु म्हणून, सर्व दोष व्यवस्थेचा, तेव्हा व्यवस्था बदलेपर्यंत जागे राहा, असे मी सांगणार नाही. तो आमचा जुना दोष होता. या भागाने जानेवारी १९८४ चा जमिनीचा लढा पाहिला आहे. गोळीबारात पाच माणसे गेली. लढ्याच्या दिवसांत जागणारा माणूस एकटा नसतो. पण लढा ओसरल्यावर, मोबदल्याचे कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारा माणूस रात्री एकटाच जागतो, आणि तेव्हा त्याच्याकडे पाहायला आम्ही कार्यकर्ते गेलो नाही. काही चिंता सभेतही मिटत नाहीत. आठवड्यातून तीन-तीन रात्री झोप नाही आणि असे तीन महिने चालले आहे. रोज पहाटेच जाग येऊन मन काळवंडते. घोरता घोरता श्वास अडकतो. जगणे नको असे विचार येतात. तेव्हा वैद्यकीय मदत घेतलीच पाहिजे, आणि शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून असा उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायला इथल्या माणसाला खाडी ओलांडावी लागते. म्हणून उरणला मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतो, औषधे मिळतात की चिठ्ठी बाहेरची मिळते, याची चौकशी करून ते सोसायटीच्या फलकावर लिहावे. दिवस ठरलेला नसेल तर तो ठरवून घेण्यासाठी आपण सर्वजण अर्ज देऊ. मसुदा मी करून आणला आहे.

एक सूचना आणि थांबतो. सोसायटीच्या पुढच्या सभेत परताव्याच्या आधी, पहिला विषय म्हणून, समुद्रात गेलेल्या बोटींचा निरोप घरोघर कोणी आणि कसा पोचवायचा, हा ठेवावा. त्या सभेला स्त्रियांना केवळ हळदी-कुंकवाला बोलावल्यासारखे बोलावू नये; कार्यकारिणीत कायद्याने त्यांच्या जागा आहेत, आणि या विषयाची माहिती आपल्या सर्वांपेक्षा त्यांनाच अधिक आहे.

आता आपले प्रश्न ऐकतो. सर्वांसमोर बोलायला ज्यांना संकोच वाटेल त्यांनी चिठ्ठी पाठवावी. तीवर नाव लिहिण्याची गरज नाही.