संकलनाचे शिक्षण : कात्रीमागील विवेक



प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली. तिच्याच आवारात केंद्र शासनाने १९६० साली चित्रपट प्रशिक्षण संस्था स्थापन केली. दिग्दर्शन व छायाचित्रण यांप्रमाणेच संकलन हाही तेथे स्वतंत्र अभ्यासविषय आहे.

संकलन म्हणजे केवळ कापणे व जोडणे, असा समज आढळतो. पूर्वी विद्यार्थी प्रत्यक्ष फीत कापीत व चिकटवीत. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि एका सेकंदास २४ लागतात. म्हणजेच दीड फूट फीत. एकदा कापलेली फीत पुन्हा अखंड होत नसे. म्हणून आधी विचार, मग कात्री, ही शिस्त लागे. आज संगणकावर चूक क्षणात सुधारते. शिस्त मात्र स्वतःच बाणवावी लागते.

तिची गरज का? ग्रामसभेत शेतकरी पाण्याविषयी प्रश्न विचारतो. सरपंच अन्य प्रसंगी हसतात. ही दोन दृश्ये शेजारी जोडली, की सरपंच त्या प्रश्नालाच हसले असे दिसते. दोन्ही दृश्ये खरी, पण अर्थ खोटा! संकलकाची खरी परीक्षा येथेच होते.

याच संस्थेत शिकलेल्या रेणू सलुजा यांना ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ व ‘गॉडमदर’ या चित्रपटांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभले. तेव्हा या विद्येकडे वळू पाहणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यास ‘यात शिकायचे काय?’ असे विचारून कोणी परतवू नये. पडद्यावर काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहण्याची दृष्टी तर शिक्षकांना शाळेतच देता येईल.