उतारावरची चौकी



पानिपतावर मराठीत लिहून लिहून कागद काळे झाले. विश्वासरावांना गोळी केव्हा लागली, मल्हारराव होळकर का निघून गेले, सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी गोलाची लढाई घ्यायला हवी होती की गनिमी कावा; एकेका प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. यमुना मात्र या वादांत नकाशावरची निळी रेघ होऊनच राहिली. प्रस्तुत वक्त्याच्या मते त्या मोहिमेचा अर्धा हिशेब या नदीच्या पाण्यात आहे.

१७६० साल उजाडले तेच यमुनेवर. १० जानेवारीला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. थंडीचे दिवस, पाणी उतरलेले, पात्रात उंच गवताची दाटी. त्या गवताच्या आडून अफगाण बंदुकची कधी अंगावर आले ते भाल्या-तलवारींच्या स्वारांना कळले नाही. पुढे भाऊसाहेब दक्षिणेतून निघाले तेव्हा बेत असा की, इटाव्याजवळ यमुना ओलांडून गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीत शिरायचे आणि अहमदशहा अब्दाली व त्याचा साथीदार नजीब यांना तिथेच गाठायचे. नावा जमवण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे. पण चंबळ ओलांडली तोवर पावसाने गाठले, गंभीर नदीच्या पुराने फौज खोळंबली, नावाही पुरेशा जमल्या नाहीत. बेत बारगळला, फौज दिल्लीकडे वळली. उरलेला पावसाळा अब्दाली गंगेकाठी अनूपशहराला, मराठे दिल्लीत, आणि मध्ये दुथडी भरलेली यमुना. दोघांनाही पाणी उतरण्याची वाट पाहणे भाग होते.

१७ ऑक्टोबरला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. यमुनेच्या पश्चिम काठावरचे हे ठाणे म्हणजे धान्याचे कोठार. अब्दालीला ते वाचवता आले नाही, कारण नदी आडवी. त्या विजयाने जो निर्धास्तपणा आला तोच नडला. भाऊसाहेब उत्तरेला कुरुक्षेत्राच्या रोखाने सरकले, आणि २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने खाली बागपतजवळ उतार शोधून फौज पाण्यात घातली. पाणी अजून पुरते ओसरले नव्हते, माणसे वाहून गेली, तरी तो पार झाला. घाटावर त्याला रोखील एवढी चौकी नव्हती. मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये आता अब्दाली येऊन बसला. त्याला अंतर्वेदीतून नदीपलीकडून रसद मिळत राहिली. मराठ्यांच्या छावणीत बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांच्यासह सगळ्यांची उपासमार सुरू झाली. पुढच्या १४ जानेवारीला पानिपतावर जे घडले त्याची पहिली घटका बागपतला भरली, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल, पण खोटे होणार नाही.

तीन वर्षांनी नदीची गफलत निजामानेही केली. १७६३ मध्ये पुणे लुटून परतणाऱ्या निजामअलीने राक्षसभुवनजवळ गोदावरी ओलांडली, पण दिवाण विठ्ठल सुंदर आणि निम्मी फौज दक्षिण तीरावरच राहिली. मध्ये श्रावणातला पूर. १० ऑगस्टला अठरा वर्षांच्या माधवरावांनी नेमकी तीच निम्मी फौज गाठली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पैलतीरावरच्या धन्याला मदतीला येता आले नाही. निम्मी फौज पार झालेला सेनापती हा सगळ्यात दुबळा सेनापती असतो. हे माधवरावांना त्या वयात कळले होते.

उतारावर चौकी नसल्याची आणखी एक गोष्ट असईची, जालना जिल्ह्यातली, भोकरदनजवळची. २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांची कवायती पलटणे आणि भारी तोफखाना कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभा होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीजवळ माणसे त्यांच्या मानाने फार थोडी. वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ वसलेली गावे एकमेकांकडे जाणारच. म्हणजे इथे उतार असलाच पाहिजे. तो होता. लांबून तोफांचे गोळे येत होते, एका गोळ्याने वेलस्लीच्या जवळच्या स्वाराचे डोके उडाले, पण काठावर पाय रोवून उभी अशी शिंद्यांची तुकडी नव्हती. पलीकडे गेल्यावर त्याच दोन नद्यांनी त्याच्या दोन्ही बगला सांभाळल्या, आणि शिंद्यांच्या घोडदळाला वेढा घालायला मैदान उरले नाही. शिंद्यांकडच्या पोलमन या हनोव्हरच्या सेनानीने आपली रांग मोठ्या कसबाने फिरवून समोर आणली, गोलंदाज तोफांशेजारी मरेपर्यंत लढले, इंग्रजांकडचीही दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. आपल्याकडे असईचा पराभव फितुरीवर आणि युरोपीय अधिकाऱ्यांच्या बेइमानीवर टाकून मोकळे होण्याची सवय आहे. त्या दिवशीच्या कामगिरीला ते लागू पडत नाही. उणीव होती ती उतारावर.

नदी नीट राखली तर काय मोल द्यावे लागते, हे दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा जवानांनी पाहिले. सेनियो नदीच्या उंच पूरबांधांत जर्मनांनी मशीनगनची ठाणी खोदली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नगर जिल्ह्यातला शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणले, तीन मशीनगन ठाणी निकामी केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्या तुकड्यांना पार बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते, ही खेदाची गोष्ट.

नदी अडवली तरी ती ओलांडता येते, हे बांगलादेश युद्धात दिसले. डिसेंबर १९७१ मध्ये मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला आणि ढाक्याची पूर्व बाजू बंद झाली असे मानले. भारताचे लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून जवान पलीकडे रायपुऱ्याला उतरवले. बाकीच्यांना आणि सामानाला गावच्या नावाड्यांनी होड्यांतून नेले. आठवड्याभरात ढाका पडले. त्या नावाड्यांची नोंद कोणी नीट केलेली नाही.

या परिषदेतल्या तरुण संशोधकांपुढे म्हणून एक काम ठेवायचे आहे. मोहिमांच्या पत्रांत पाणी, नावा, उतार, नावाडी यांचे उल्लेख विखुरलेले आहेत. ते तारखेसकट वेगळे काढावेत. प्रत्यक्ष जागाही पाहाव्यात, पण जपून: राक्षसभुवनच्या वरच्या अंगाला पैठणला १९७६ पासून जायकवाडी धरण आहे, तेव्हा तिथे आज दिसणारी ऑगस्टमधली गोदावरी १७६३ ची नाही. आणि यापुढे लढाईचा नकाशा छापताना नदीची रेघ ओढून थांबू नये, उतार कुठे होता आणि कोणत्या महिन्यात चालत होता तेही त्यावर लिहावे.