आठवीतल्या एकासाठी रोज एक तास

आठवीनंतर मुलगा गॅरेजवर आणि मुलगी घरात, हे मी आमच्या मोहल्ल्यात पाहत आलो आहे. अशा घरांना ‘एनएमएमएस’ शिष्यवृत्तीचा आधार होतो : नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. परीक्षा आठवीत असते. शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटे. उर्दूतूनही देता येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही.

आपली मुले हुशार आहेत. अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि घड्याळ लावून केलेल्या सरावावर. तुम्ही कॉलेजात शिकता. प्रत्येकाने आठवीतला एक भाऊ किंवा बहीण निवडा, तहसीलमधून दाखला काढून द्या आणि रोज तासभर सोबत बसा.