परसातले पक्षी एवढे का ओरडतात?



काही दिवसांपूर्वी एका श्रोत्याचं पत्र आलं. मजकूर असा : "साहेब, आमच्या परसात शेवग्याचं झाड आहे. त्याच्या शेंड्यावर एक काळा-पांढरा पक्षी पहाटे चारपासून शीळ घालतो. घरात म्हातारी आजारी आहे, तिचा डोळा लागत नाही. काही फवारून हा पक्षी हाकलता येईल का?"

फवारणीची माहिती देणं हे माझं रोजचंच काम. पण या पत्राला फवारणीचं उत्तर नाही, आणि कुणी देऊही नये. तो पक्षी म्हणजे दयाळ. काही भागात त्याला दहियर म्हणतात. दिवसभर परसात खाली उतरून किडे, नाकतोडे, अळ्या टिपतो. आपल्या भाजीच्या वाफ्यांचा तो बिनपगारी राखणदारच. तेव्हा त्याला हाकलण्याआधी तो ओरडतो कशासाठी, ते समजून घेऊ.

पक्ष्यांचे आवाज ढोबळमानानं दोन तऱ्हेचे. एक गाणं आणि दुसरी हाक. गाणं लांब, वळणावळणाचं, आणि बहुतेक विणीच्या दिवसांतलं. हाक आखूड, बारा महिने चालणारी.

दयाळ गातो तो मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत. दिवस मोठा होत जातो तशी नराच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते आणि त्याला कंठ फुटतो. त्या गाण्यातून तो दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या नराला सांगतो, ही जागा माझी आहे, बांध ओलांडू नकोस. मादीला सांगतो, इथं घरट्याला ढोली आहे, खायला किडे आहेत, ये. म्हणजे सात-बाराचा उतारा आणि लग्नाची पत्रिका एकाच कागदावर!

ही नुसती कल्पना नाही. 1970 च्या दशकात इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या एका रानात जॉन क्रेब्स या शास्त्रज्ञानं चिमणीएवढ्या एका पक्ष्यावर प्रयोग केला. जागा धरून बसलेले नर उचलून नेले. काही मोकळ्या जागांत कर्ण्यावरून त्या जातीचं गाणं वाजवत ठेवलं, काही जागा शांत ठेवल्या. शांत जागा दुसऱ्या नरांनी लवकर बळकावल्या. गाणं वाजत होतं तिथं घुसायला त्यांनी बराच जास्त वेळ घेतला. पक्षी नव्हताच, नुसत्या आवाजानं कुंपणाचं काम केलं.

आता पहाटेच का? पहाटे वारा पडलेला असतो, इतर आवाज कमी असतात, त्यामुळं शीळ लांबवर जाते. आणि किडे दिसण्याइतका उजेड झालेला नसतो, म्हणजे पोटाची कामं अजून सुरू व्हायची असतात. राहिली गोष्ट एवढ्याशा जिवाच्या मोठ्या आवाजाची. आपला कंठ श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतो. पक्ष्याचा स्वरकोश असतो तळाशी, जिथं नळी फुटून दोन फुप्फुसांकडे जाते तिथं. तिथं आवाज फार कमी श्रमात मोठा होतो.

पत्र लिहिणाऱ्या दादांना आता उपाय सांगतो. परसात रात्रभर दिवा जळतो का, ते बघा. रात्रीच्या उजेडानं काही पक्षी वेळेआधीच गायला लागतात, असं अभ्यासात दिसून आलंय. दिवा मालवा, किंवा त्याला पत्र्याची टोपी करून उजेड खाली पाडा. त्यानं गाणं थांबणार नाही, पण उजाडण्याकडे सरकेल अशी आशा आहे. आजींची खाट मागच्या खोलीत घ्या. पावसाळा पुढं सरकला की तो आपणहून गप्प होईल. तोच दयाळ तुमच्या मोटारसायकलच्या आरशाशी भांडत असेल, तर आरशावर फडकं बांधा. त्याला त्यात दुसरा नर दिसतो.

कोकिळेचंही असंच. कुहू-कुहू करतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज नुसता किक-किक. पण आपल्या गाण्यांत गाते ती कोकिळाच!

पावशाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. "पेरते व्हा, पेरते व्हा" असं तो सांगतो, म्हणून पाऊस आलाच, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. खरं असं की पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. नर ओरडतो तो जागेसाठी आणि मादीसाठी. त्याच्या विणीचे दिवस आणि आपल्या पेरणीचे दिवस जवळ येतात, एवढाच संबंध. त्याला पुढच्या पंधरवड्याचा पाऊस कळत नाही. मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो त्या वर्षी आमच्या वडिलांनी पहिल्या सरीवर, पावशा बोलतोय म्हणून, सोयाबीन पेरलं. मग पावसानं जी दडी मारली, ती उगवण करपून जाईपर्यंत. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर आणावं लागलं. वडील पावशाला काही बोलले नाहीत, नशिबाला बोलले. तेव्हा पावशाचं जरूर ऐका, तो केसाळ अळ्या खाणारा मित्र आहे. पण तिफण हाकायची ती 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावरच.

आता हाकांकडे वळू. शेतकऱ्याला गाण्यापेक्षा यांचा उपयोग जास्त. डोक्यावर शिकरा आला की लहान पक्षी बारीक, उंच सूर काढतात आणि झुडपात गप्प होतात. तो सूर कुठून आला ते शिकऱ्यालाही नीट कळत नाही. पण मांजर, साप किंवा घुबड बसलेलं दिसलं, तर उलट होतं. सगळे गोळा होऊन कर्कश कल्ला करतात, शत्रूभोवती नाचतात, आणि त्याचा डाव उघडा पाडतात.

मागच्या उन्हाळ्यात एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यामागं कडब्याच्या गंजीशी दोन साळुंक्या, पाच-सहा सातभाई आणि एक बुलबुल, सगळे एकाच जागेकडे तोंड करून ओरडत होते. घरच्या वहिनी पेंढी काढायला निघाल्या. म्हणाल्या, "भांडतायत मेल्या, रोजचंच आहे." मी म्हटलं, "वहिनी, जरा थांबा." लांब काठीनं पेंढ्या हलवल्या तर आत घोणस. वहिनींचा हात तिथंच पडणार होता. सर्पमित्राला बोलावून साप नेला. सातभाई आपसातही पुष्कळ भांडतात, हे खरं. पण दोन-तीन जातींचे पक्षी एकाच ठिकाणी कल्ला करत असतील, तर तिथं हात घालू नका. आधी काठी, मग बॅटरी, मग हात.

शेवटी टिटवी. रात्री टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, म्हणून अजून काही ठिकाणी तिला दगड मारतात. तिचं घरटं उघड्या रानात, ढेकळांत. मातकट, काळ्या ठिपक्यांची बहुधा 4 अंडी. रात्री कोल्हा, कुत्रं किंवा माणूस जवळून गेलं की ती उठून ओरडते. म्हणजे कुणीतरी जातंय हे खरं, पण ते बांधावरून! तुमच्या शेतात चोर शिरला तरी पहिली तीच ओरडणार. जमिनीवरचे भुंगेरे, अळ्या, मुंग्या हे तिचं खाणं.

कुळवाच्या पाळ्या चालू असताना टिटवी पुढ्यात येऊन पंख पसरून ओरडायला लागली, तर औत थांबवा आणि आसपास दहा पावलं नीट बघा. घरटं सापडलं तर अंड्यांना हात न लावता चार कोपऱ्यांना चार काटक्या रोवा आणि तेवढा दोन हातांचा तुकडा सोडून पाळी पुढं न्या. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर चालकाला आधी सांगून ठेवा, त्याला वरून दिसत नाही. अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात. पिलं जन्मल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात. ती निघून गेली की तो तुकडा कुळवून घ्या.