करंडक नव्हे, शिक्षक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात हैदराबाद येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाचे स्मरण राहावे म्हणून मंडळाने आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेस एक करंडक द्यावा, असा विचार चालू आहे आणि त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. करंडकाची शिफारस करणे मला जमणार नाही, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. मी दुसरेच काही मागणार आहे आणि त्यासाठी याच शहरातील एका शाळामास्तरांची साक्ष काढणार आहे.

सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीच्या कानी पडले. भारतीय संघाचे थोर प्रशिक्षक म्हणून जग त्यांना ओळखते. पण त्यांचा मूळचा पेशा शिक्षकाचा. येथील दारूल-उलूम आणि चादरघाट या हायस्कुलांत त्यांनी मुलांना शिकविले. पुढे हैदराबाद पोलीस संघ त्यांच्या हाताखाली घडला आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला.

रहीमसाहेबांची पद्धत पाहण्यासारखी होती. चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास ज्यांत सक्त मनाई, असे सामने ते भरवीत. चेंडू आला की तो सहकाऱ्याकडे सोपवायचा. काही सामन्यांत खेळाडूने केवळ आपल्या दुबळ्या पायानेच खेळायचे. यामागे मुलांच्या स्वभावाची पक्की जाण होती. अंगी थोडे कसब आले की मुलगा चेंडू स्वतःपाशीच ठेवू पाहतो, आणि जो पाय चालतो त्याच्यावरच विसंबतो. या दोन खोडी उपदेशाने जात नाहीत. म्हणून त्यांनी खेळाचा नियमच बदलला. स्पर्धा त्यांनीही भरविल्या, पण त्या शिकविण्यासाठी.

या शिकवणुकीचे फळ देशाने पाहिले. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ साली दिल्लीच्या एशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. १९५६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव करून भारताने ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. १९६२ साली जकार्ताच्या अंतिम सामन्यात, डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीवर खेळविले आणि त्यानेच एक गोल केला. आपला शिष्य आणखी काय करू शकेल, हे त्याला वर्षानुवर्षे पाहिलेल्या गुरूलाच कळते. पुढल्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीमसाहेब गेले. एशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला मिळालेले नाही.

त्यांच्यामागे खेळाडूंबरोबर शिक्षकही राहिले. त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी नामांकित प्रशिक्षक झाले. पुत्र एस. एस. हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होते. पुढे तेही प्रशिक्षक आणि आंतरराष्ट्रीय पंच झाले. दिव्याने दिवा लागतो तो असा.

आता करंडकाकडे वळू. शालेय फुटबॉलसाठी आपल्याकडे स्पर्धा नाहीत असे नाही. सुब्रोतो करंडकाची अखिल भारतीय स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि तिने अनेक मुलांना प्रथमच दिल्ली दाखविली. परंतु करंडक हेच साध्य ठरले की काय घडते, हे आपण सारे जाणतो. जन्मतारखा बदलतात. थोराड मुले संघात येतात आणि खरा तेरा वर्षांचा मुलगा कडेला बसून टाळ्या वाजवितो. स्पर्धा संपली की चेंडू कपाटात जातो. खेळाचा तास गणिताला दिला जातो. विजेत्या शाळेच्या काचेच्या कपाटात आणखी एक करंडक वाढतो, एवढेच.

म्हणून माझी विनंती अशी. सुवर्णमहोत्सवी निधीतील जी रक्कम करंडकासाठी आणि प्रतिवर्षीच्या समारंभासाठी योजिली आहे, ती ठेव म्हणून ठेवावी. तिच्या व्याजात मंडळाने दरसाल थोडी भर घालून, मैदान असलेल्या एका सरकारी शाळेत, एका प्रशिक्षित शिक्षकाचे मानधन किमान दहा वर्षे द्यावे. शिक्षक एकच असावा, आणि त्याला पहिल्या वर्षी जिंकण्याचे बंधन नसावे. सहावीत आलेला मुलगा दहावीपर्यंत त्याच्या नजरेखाली राहावा. मुलींनाही त्याच मैदानावर तितकाच वेळ मिळावा.

यात वर्तमानपत्रात छापण्याजोगे छायाचित्र नाही, हे मला मान्य आहे. शिवाय त्या शाळेतून एकही राष्ट्रीय खेळाडू निघणार नाही, असेही होईल. मात्र दहा वर्षांत शेकडो मुले आलेला चेंडू दुसऱ्याकडे द्यायला शिकतील आणि त्यांतले एखादे मूल पुढे स्वतः शिक्षक होईल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनीही फळ पाहण्याची घाई केली नव्हती. त्यांची आठवण ठेवून कार्यकारिणीने निर्णय करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.