जनरल रजिस्टर आणि त्याचे संगणकीय वारस

महाराष्ट्रातील शाळेच्या कार्यालयात ज्या अनेक नोंदवह्या असतात त्यांमध्ये जनरल रजिस्टरचे, म्हणजे जुन्या शिक्षकांच्या बोलीतील दाखल-खारीज रजिस्टरचे, स्थान वेगळे आहे. हजेरीपत्रकाचे काम महिन्याचे आणि निकालपत्रकाचे वर्षाचे असते. जनरल रजिस्टर मात्र कायमस्वरूपी अभिलेख मानले जाते. विद्यार्थी दाखल होतो त्या दिवशी त्याचा अनुक्रमांक, संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा आणि प्रवेशाची इयत्ता यांची एक ओळ त्यात लिहिली जाते. तो शाळा सोडतो तेव्हा त्याच ओळीच्या उजवीकडचे रकाने भरले जातात, आणि शाळा सोडल्याचा दाखला हा तत्त्वतः त्या ओळीचा उतारा असतो. विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची रचना कशी असावी हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून, तिचा विचार संगणकापासून नव्हे तर या वहीपासून सुरू व्हावा, कारण वहीला जे कळत होते ते पुष्कळशा सॉफ्टवेअरला अद्याप कळलेले नाही, असे येथील प्रतिपादन आहे.

या वहीतील एका ओळीचे वजन किती असते हे जातपडताळणीच्या प्रकरणांत सर्वांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात जातीच्या दाव्यासाठी जे मानीव दिनांक धरले जातात, म्हणजे ज्या दिनांकापूर्वीचे वास्तव्य व पुरावे पाहिले जातात, ते अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 असे आहेत. साहजिकच आजच्या अर्जदाराच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील नोंद हा कुटुंबाच्या हाती असलेला सर्वांत भक्कम कागद ठरतो. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात कुणबी नोंदींचा जो शोध घेतला गेला, त्यात महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरेही उघडली गेली, आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. ज्या गुरुजींनी त्या ओळी लिहिल्या त्यांना सत्तर-ऐंशी वर्षांनंतरच्या वाचकाची कल्पना नव्हती. तरीही बांधीव वही, छापील पृष्ठांक, सलग अनुक्रमांक आणि मुख्याध्यापकाची सही या चार गोष्टींमुळे त्यांचे लिखाण पुरावा म्हणून टिकले. शाळेसाठी घेतलेले सॉफ्टवेअर मात्र बहुधा काही वर्षांच्या कराराचे असते, आणि त्याच्या रचनेतील पहिली अडचण या दोन आयुर्मानांतील तफावतीतून उभी राहते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. आजचे बहुतेक डेटाबेस ज्या संबंधात्मक प्रतिमानावर उभे आहेत, ते आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली मांडले. माहिती तक्त्यांमध्ये ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची एकमेव ओळख देणारी कळ असावी आणि एक तथ्य शक्यतो एकाच ठिकाणी नोंदवावे, असे त्याचे स्थूल स्वरूप सांगता येते. विद्यार्थ्याचा पत्ता तीन तक्त्यांत लिहिला तर तो एका ठिकाणी बदलतो आणि दोन ठिकाणी जुनाच राहतो. हा घोळ टाळण्यासाठी ही शिस्त निर्विवाद उपयोगी आहे. परंतु तिच्या प्रचलित वापरातून अशी सवय लागली आहे की पत्ता, नाव किंवा जात बदलली की जुने मूल्य पुसून त्या जागी नवे लिहायचे. तक्त्याला फक्त वर्तमान माहीत असते. वहीचा नियम याच्या नेमका उलट होता: चुकलेल्या शब्दावर खाडाखोड करायची नाही, तो वाचता येईल अशी एक रेघ मारायची, वर लाल शाईने दुरुस्ती लिहायची आणि शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक व दिनांक टाकून मुख्याध्यापकाने सही करायची. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यानंतर तर नाव, जात किंवा जन्मतारीख यांत मुख्याध्यापकाने स्वतःच्या अधिकारात बदल करणे अपेक्षितच नव्हते. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागत असे.

ही लाल शाई संगणकात आणायची तर प्रत्येक महत्त्वाच्या तथ्याला दोन काळ जोडावे लागतात. पहिला वैध काळ, म्हणजे ते तथ्य प्रत्यक्षात केव्हापासून केव्हापर्यंत खरे होते. दुसरा नोंद काळ, म्हणजे ते प्रणालीला केव्हा कळले. नववीत असताना एखाद्या विद्यार्थिनीचे नाव राजपत्रात प्रसिद्ध करून बदलले गेले आणि शाळेला ते पाच महिन्यांनी कळवले गेले, तर वैध काळ राजपत्राच्या दिनांकापासून सुरू होतो आणि नोंद काळ कार्यालयात अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून. मधल्या पाच महिन्यांत दिलेले बोनाफाईड प्रमाणपत्र जुन्या नावाने निघाले हे त्या वेळी बरोबरच होते, आणि पुढे कोणी त्याची खातरजमा मागितली तर प्रणालीला त्या दिवशीचे चित्र जसेच्या तसे उभे करता आले पाहिजे. दाखल्याच्या दुय्यम प्रतीच्या बाबतीतही हेच लागू होते. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये दाखला मागितला की चालू माहितीवरून तो नव्याने तयार होतो, त्यामुळे मूळ प्रत आणि दुय्यम प्रत यांत फरक पडू शकतो, आणि तो फरक पडताळणी समितीसमोर बनावटगिरीसारखा दिसतो. म्हणून दिलेला प्रत्येक दाखला ही स्वतंत्र, न बदलणारी नोंद मानून जतन केला पाहिजे, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक नोंदीत कोणी, केव्हा आणि कोणत्या कागदाच्या आधारे ती केली हे तीन रकाने सक्तीचे असले पाहिजेत. कार्यालयातील चार जणांनी एकच पासवर्ड वापरण्याची सर्रास पद्धत यांपैकी ‘कोणी’चा रकाना निरर्थक करून टाकते, हे येथे नमूद केलेले बरे.

‘कोणत्या आधारे’ या रकान्याचे महत्त्व जन्मतारखेच्या बाबतीत विशेष आहे. महाराष्ट्राच्या एका पिढीत 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या नवलाची वाटावी इतकी मोठी आहे, कारण पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळेच्या वर्षाला सोयीची तारीख लिहून टाकत. ती तारीख खोटी म्हणावी तर तिच्यावर माणसे नोकरीला लागली आणि निवृत्तही झाली. जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, अंगणवाडीची नोंद की पालकांचे तोंडी निवेदन, यांपैकी तारखेचा स्रोत कोणता हे सोबत लिहिलेले असते तर पुढचे अनेक वाद लहान झाले असते. याच ठिकाणी सॉफ्टवेअर कायद्याच्या आड येण्याचा धोकाही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमातील कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. पण पडद्यावर जन्मदाखल्याच्या क्रमांकाचा रकाना अनिवार्य केला, की तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही आणि कायद्याने दिलेला प्रवेश संगणकच अडवून धरतो. दुसरीकडे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील 2023 च्या दुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बालकांसाठी जन्मदाखला हाच शैक्षणिक संस्थेतील प्रवेशासाठी जन्माचा पुरावा म्हणून पुढे आणला आहे. जन्माच्या दिनांकानुसार अपेक्षित पुरावा बदलतो, त्यामुळे असे नियम कार्यक्रमाच्या संहितेत पक्के कोरून न ठेवता त्यांच्या लागू होण्याच्या दिनांकांसह वेगळ्या तक्त्यात ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि रकाना रिकामा सोडण्याची मुभा कारण लिहून घेऊन का होईना, दिलीच पाहिजे.

नावांचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो, परंतु प्रत्यक्षात कार्यालयाचा सर्वाधिक वेळ तोच खातो. ‘स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ हे तीन रकाने महाराष्ट्रात इतके अंगवळणी पडले आहेत की नाव म्हणजे तीन रकानेच असे रचनाकाराने गृहीत धरावे यात आश्चर्य नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला, आणि ही मुले आता हळूहळू शाळेच्या वयाकडे येत आहेत. आडनाव न लावणारी, किंवा वडिलांचे नाव न लावणारी मुले त्याआधीही होतीच. म्हणून नाव जसे अधिकृतरीत्या लिहिले जाते तसे एका सलग रकान्यात ठेवून, त्याचे घटक केवळ शोधण्याच्या सोयीसाठी वेगळे ठेवणे अधिक सुरक्षित आहे. देवनागरीची गुंतागुंत त्यानंतर सुरू होते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, संगणकाला ते भिन्न वाटतात, आणि एकाच घरातील बहीण-भावांची आडनावे जुळेनाशी होतात. यादी वर्णानुक्रमे लावताना क्ष आणि ज्ञ मराठी वर्णमालेप्रमाणे शेवटी न येता क आणि ज यांच्या पोटात शिरतात, ही तक्रार त्यामानाने किरकोळ. लेखनाचे असे भेद साठवणीपूर्वीच एका ठरावीक रूपात आणले पाहिजेत. इंग्रजी स्पेलिंग मात्र यंत्राकडून लिप्यंतर करून न घेता स्वतंत्र अधिकृत तथ्य म्हणून नोंदवले पाहिजे, कारण आधारवरील स्पेलिंगशी त्याची गाठ पडते.

ही गाठ पडते तेव्हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. संचमान्यता, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकांच्या पदांची निश्चिती, पटावर अवलंबून असते. शालेय पोषण आहार आणि अनेक योजनाही त्याच आकड्याशी बांधलेल्या आहेत. पट फुगवण्याचा मोह त्यामुळे जुनाच आहे, आणि तो किती पसरला होता हे ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीने दाखवले. त्यावर उपाय म्हणून आधारशी जुळलेल्या विद्यार्थ्यांचीच गणना करण्याकडे प्रशासन वळले. एकच मूल दोन शाळांच्या पटावर असणे यामुळे कठीण होते हे खरे. परंतु वर्गात रोज बसणारे मूल नावातील एका अक्षरामुळे मोजणीतून गळते हेही तितकेच खरे. आधार नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट केले आहे. रचनेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आधार क्रमांक ही विद्यार्थ्याच्या नोंदीची कळ असू नये. जनरल रजिस्टरचा क्रमांकही कळ म्हणून चालत नाही, कारण तो एका शाळेपुरता असतो आणि शाळांचे विलीनीकरण झाले की आदळतो. आतील कळ निरर्थक, केवळ यंत्रासाठी असावी. शाळेचा संकेतांक किंवा प्रवेशवर्ष तिच्यात गुंफण्याचा मोह टाळावा. रजिस्टर क्रमांक मात्र सलग आणि दृश्य ठेवावाच, कारण मागील तारखेची ओळ मध्येच घुसवू न देणे हे त्याचे खरे काम आहे.

विद्यार्थी आणि त्याचा प्रवेश या दोन गोष्टी वेगळ्या तक्त्यांत ठेवण्याची गरज बीड जिल्ह्याच्या शाळांना सर्वांत जास्त जाणवते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर मुले जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही शिक्षण हमी पत्रक घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसतात आणि हंगाम संपल्यावर परततात. ही मुले गैरहजर नसतात आणि शाळा सोडूनही गेलेली नसतात. मूळ शाळेचा पट आणि दुसऱ्या शाळेतील तात्पुरती उपस्थिती एकाच वेळी नोंदवता येईल अशी जागा तक्त्यात नसेल, तर वर्गशिक्षकाला दोहोंपैकी एक खोटे लिहावे लागते. कायमच्या बदलीतही जुन्या शाळेने संगणकावर मूल ‘सोडल्याशिवाय’ नव्या शाळेला ते घेता येऊ नये, ही रचना 2009 च्या अधिनियमातील कलम 5 च्या हेतूशी विसंगत आहे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, असे ते कलम सांगते.

महाविद्यालयांत जात-जन्मतारखेचे प्रश्न बहुतांशी मागे पडतात आणि श्रेयांकांचे पुढे येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी शैक्षणिक श्रेयांक पेढी आली, म्हणजे निरनिराळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या एका खात्यात साठू लागले, आणि अभ्यासक्रमाची जी आवृत्ती विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शिकली तीच त्याच्या नोंदीला चिकटून राहिली पाहिजे ही गरज तीव्र झाली. नवी प्रणाली एकदम सर्वत्र लादल्यास काय होते याचे उदाहरण मुंबई विद्यापीठाच्या 2017 च्या उन्हाळी परीक्षांनी दिले आहे: उत्तरपत्रिकांचे पडद्यावरील मूल्यांकन एकाच हंगामात सर्व शाखांना लागू झाले आणि निकाल महिनोन्महिने लांबले.

शाळांकडे परतायचे तर, 2015 मध्ये महाराष्ट्रात शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आली, राष्ट्रीय पातळीवर यू-डायस प्लसमध्ये शाळानिहाय आकड्यांच्या जागी विद्यार्थीनिहाय माहिती आली, आणि शिक्षकांच्या बोलीत ‘माहिती भरणे’ हे एक स्वतंत्र काम झाले. या प्रणालींची रचना वरच्या कार्यालयाला अहवाल मिळावा या हेतूने झालेली आहे. शाळेला स्वतःची वही मिळावी हा तिचा उद्देश नव्हता. परिणामी तीच जन्मतारीख रजिस्टरात, ‘सरल’मध्ये, यू-डायसमध्ये आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी टंकली जाते. प्रवाहाची दिशा उलटी असायला हवी: नोंद एकदाच, शाळेत, इंटरनेट नसतानाही व्हावी, आणि वरचे सर्व अहवाल तिच्यातून आपोआप काढले जावेत.

नोंद एकाच ठिकाणी आली की ती कोणाला दिसावी आणि किती काळ राहावी हे ठरवणे आलेच. सहलीच्या यादीसाठी मागवलेल्या एक्सेल फाइलमध्ये जात, उत्पन्न आणि दिव्यांगत्वाचे रकाने तसेच राहून ती शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते, हे अपवादाने घडत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, आणि काम संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्वही स्वीकारले आहे. ते जनरल रजिस्टरच्या कायमपणाशी भांडते असे प्रथमदर्शनी वाटेल. पण भांडण सगळ्या रकान्यांचे नाही. पालकांचा भ्रमणध्वनी, बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, आरोग्य तपासणीचे तपशील आणि रोजची हजेरी यांना प्रत्येकी मुदत ठरवून देता येते, आणि ती संपल्यावर ते प्रणालीतून खरोखर नाहीसे झाले पाहिजेत. दाखल-खारीजची ओळ तेवढी राहिली पाहिजे, आणि तीही दर वर्षअखेर छापून, पृष्ठांक घालून, मुख्याध्यापकाच्या सहीने बांधून ठेवली पाहिजे, शिवाय कंत्राटदार बदलला तरी वाचता येईल अशा साध्या मजकुराच्या स्वरूपात तिची प्रत शाळेच्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ताब्यात असली पाहिजे; ही अट निविदेतच लिहिली नाही, तर करार संपल्यावर ती मागण्याचा अधिकार शाळेकडे उरत नाही.