‘परग्रहावर जीव सापडला!’ ही बातमी ऐकायची कशी?

आज विषय जरा लांबचा आहे. किती लांबचा, तर तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे १२४ वर्षं लागतात. आज दिसतो तो उजेड निघाला तेव्हा आपल्या आज्यांचा जन्मही झाला नव्हता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर एक बातमी फिरली. ‘दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली, शास्त्रज्ञांना ९९.७ टक्के खात्री.’ सोबत निळ्याशार समुद्राचं चित्र. त्या ग्रहाचं नाव के२-१८बी. आपल्या पृथ्वीपेक्षा अडीच पट रुंद, आठ-नऊ पट वजनदार, आणि त्याचं वर्ष फक्त ३३ दिवसांचं. आमच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, “तिथे बचत गट काढला तर दर महिन्याला वार्षिक सभा!”

पहिली गोष्ट, ते चित्र फोटो नव्हे. तो ग्रह असा कुणीच पाहिलेला नाही, ते चित्रकाराने कल्पनेने काढलेलं आहे.

मग शास्त्रज्ञांनी पाहिलं काय? ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू त्या उजेडातले आपापले ठरलेले रंग शोषून घेतो. कुठले रंग कमी पडले ते बघून हवेत काय असेल याचा अंदाज बांधतात. हे काम अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने केलं. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला तर लसूण पडला हे आपल्याला कळतं, पण स्वयंपाक सासूबाई करतायत की सूनबाई, हे वासावरून सांगता येत नाही. तसंच हे.

इथे वास होता डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा. खरंच वास म्हणायला हरकत नाही, कारण कोबी शिजताना जो उग्र वास येतो त्यात हाच वायू असतो. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. म्हणून केंब्रिज विद्यापीठातले आपले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि त्यांचे सहकारी म्हणाले की हा वायू किंवा त्याचाच भाऊबंद असलेला दुसरा वायू तिथे असावा, आणि ही जिवाची खूण असू शकेल. ‘असू शकेल’ हे शब्द त्यांचे. मोबाईलपर्यंत येता येता ते गळाले.

आता त्या ९९.७ चं बघू. ही जीव असल्याची खात्री नव्हेच. यंत्राच्या खरखरीतून योगायोगाने असा आकडा दिसण्याची शक्यता हजारात तीन, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला भक्कम वाटतं. पण नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडणं साधारण तेवढंच दुर्मिळ आहे. जत्रेत हजार बायकांनी आठ-आठ वेळा नाणं उडवलं तर तीन-चार जणींना आठही छापे पडतातच, त्यात दैवी काही नसतं. शास्त्रज्ञांचा रिवाज असा की सलग एकवीस छाप्यांइतका पुरावा मिळाल्याशिवाय ‘सापडलं’ म्हणायचं नाही. मधुसूदन यांच्या गटानेही सांगितलं होतं की तिथवर जायला दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास लागतील.

मग दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी घेऊन पुन्हा हिशोब केला. काहींना त्यात कुठल्याच वायूची ठाम खूण दिसली नाही. ग्रामसंघात एका गटाचं दप्तर दुसऱ्या गावची बुककीपर तपासते, तेव्हा तिला चोरीचा संशय नसतो, ती बेरीज बघते. इथेही तसंच झालं, आणि व्हायलाच हवं होतं.

शिवाय तो वायू खरोखर असला तरी जीव आहे असं ठरत नाही. हाच वायू ६७पी नावाच्या धूमकेतूवरही मिळाला आहे. तो म्हणजे बर्फाचा आणि धुळीचा गोळा, तिथे कोण कोबी शिजवणार? प्रयोगशाळेतही जिवाशिवाय तो तयार करून दाखवला आहे. आणि त्या ग्रहावर समुद्र आहे की नुसत्या वायूंचा जाड थर, यावरच अजून एकमत नाही.

हा घोटाळा जुनाच आहे. १८७७ साली इटलीच्या शियापारेल्ली यांना मंगळावर रेषा दिसल्या. त्यांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ ‘चर’ असाही होतो, पण इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले. कालवे म्हटले की खोदणारे आलेच! अमेरिकेत लॉवेल नावाच्या श्रीमंत गृहस्थाने त्यासाठी वेधशाळाच बांधली आणि कालव्यांचे नकाशे काढले. १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं, फोटो आले. कालवा एकही नव्हता.

तुम्ही म्हणाल, ताई, याचं आम्हाला काय? मला काळजी वाटते ती पुढच्या वाक्याची. ‘सापडलं’ म्हणतात, मग महिन्याभरात ‘नाही सापडलं’ म्हणतात, तेव्हा चावडीवर कुणीतरी म्हणतंच, “या शास्त्रज्ञांचं काही खरं नाही.” ते वाक्य ग्रहापाशी थांबत नाही. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंच्या तोंडावर तेच फेकलं जातं. आमच्या गटातल्या एकीच्या लेकीला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, तेव्हा तिच्या आजीनेही हेच ऐकवलं. खरं तर शास्त्रज्ञ बदलले नव्हते, मथळा बदलला होता. बातमीतला आकडा नेमका कशाचा, दुसऱ्या कुणी तपासला का, आणि ‘कदाचित’ हा शब्द वाटेत कुठे पडला, एवढं मुलीने आजीला समजावलं. आजी पूर्ण पटल्या नाहीत, पण प्रवेश झाला.

तो ग्रह सिंह राशीच्या दिशेला आहे. चैत्र-वैशाखात रात्री जेवणं उरकली की अंगणात या आणि वर बघा. मघा नक्षत्राचा ठळक तारा दिसेल, तोही सिंहेतलाच. के२-१८बी चा तारा मात्र लहान, तांबडा आणि फार मंद आहे, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण पोरींना तेवढी दिशा दाखवा.